थम्स अप, कोका-कोला, पेप्सी की कॅम्पा : आवडता कोला नेमका कसा ठरवावा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे सगळी भावंडे मुलाबाळांसह एकत्र जमतात आणि दुपारच्या जेवणानंतर कोणता कोला आणायचा यावरून दरवर्षी दोन तट पडतात. माझे मेव्हणे थम्स अपशिवाय दुसरी बाटली हातात धरत नाहीत, मला स्वतःला कोका-कोला आवडतो, धाकटी बहीण पेप्सीची आहे आणि अलीकडे भाचेमंडळींनी कॅम्पाची बाजू घेतली आहे. प्रत्येक जण आपली बाजू ठामपणे मांडतो, परंतु 'हा कडक आहे', 'तो नुसता गोड आहे' यापलीकडे चर्चा जात नाही.

मला हा विषय मनापासून समजून घ्यायचा आहे. या चार पेयांच्या चवीत खरोखर फरक आहे का आणि असल्यास तो कशामुळे पडतो? नाव झाकून चव घेतली तर तो निकाल कितपत ग्राह्य धरावा? आणि आपल्यापैकी ज्यांची आवड पक्की झाली आहे, त्यांनी ती कोणत्या कारणाने झाली हे सांगितले, तर मी आभारी राहीन. यंदा घरी अशी एक चाचणी घ्यावी असा माझा विचार आहे.

अंकाईकर

मी थम्स अपच्या बाजूचा आहे. ही बाजू निव्वळ सवयीतून आलेली नाही असे मला वाटते, म्हणून थोडे मागे जाऊन लिहितो.

१९७३ च्या विदेशी चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना येथील व्यवसायातील आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचा होता. जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, हा आग्रह कोका-कोलापर्यंत पोहोचला आणि पेयाच्या गुप्त सूत्राचाही प्रश्न पुढे आला, तेव्हा कंपनीने १९७७ मध्ये भारत सोडणे पसंत केले. त्या मोकळ्या जागेत तीन देशी कोला आले. सरकारने मॉडर्न फूड इंडस्ट्रीजमार्फत 'डबल सेव्हन' काढला, तोवर कोका-कोलाच्या बाटल्या भरणाऱ्या प्युअर ड्रिंक्सने कॅम्पा कोला आणला आणि विलेपार्ल्यावरून नाव घेतलेल्या पार्लेच्या चौहान बंधूंनी थम्स अप. सरकारी कोला टिकला नाही, कॅम्पा हळूहळू मागे पडला, आणि थम्स अप मात्र आजही उभा आहे.

याचे कारण माझ्या मते चवीत आहे. कोका-कोलाची जागा भरायची म्हणून पार्लेने त्याची प्रतिकृती काढली नाही. थम्स अपमध्ये गोडी मागे राहते, वायूचा तडाखा आधी जाणवतो आणि घोट उतरल्यावर घशात मसाल्याची एक ऊब उरते. मला त्यात दालचिनी जाणवते. नाशिककडच्या काळ्या मसाल्याच्या रश्शावर दुसरा कुठलाही कोला घेतला की तोंडात फक्त साखर राहते, थम्स अप मात्र रश्शासमोर टिकतो.

१९९३ मध्ये कोका-कोला परतली तेव्हा तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही पार्लेची पेये विकत घेतली. आरंभी कंपनीचा भर स्वतःच्या मूळ पेयावर होता, परंतु ग्राहक हलला नाही आणि अखेर कंपनीलाच थम्स अपमागे ताकद लावावी लागली. २०२१ मध्ये थम्स अपने भारतात वर्षाला १ अब्ज डॉलर विक्रीचा टप्पा ओलांडला. ज्या कंपनीकडे जगातील सर्वांत प्रसिद्ध कोला आहे, तिला येथे दुसऱ्याने घडवलेला कोला जपावा लागतो, याचा मला अभिमान वाटतो.

जाता जाता : मनमाडहून दौंडकडे जाताना अंकाई-टंकाईच्या जवळ हडबीची शेंडी नावाचा सुळका दिसतो. उभ्या अंगठ्यासारख्या त्याच्या आकारामुळे प्रवासी त्याला थम्स अपचा डोंगर म्हणतात. आपण नाशिकच्या असाल तर पाहिला असेलच.

मुठाकाठ

पेप्सीची बाजू मांडणारे कोणी आलेले नाही, म्हणून मी लिहिते.

पेप्सी ही कोका-कोलाची नक्कल आहे असा एक समज आहे, परंतु ही दोन्ही पेये एकाच काळातील आणि औषधविक्रेत्यांच्याच हातची आहेत. जॉन पेम्बर्टन यांनी १८८६ मध्ये अटलांटात कोका-कोला बनवला आणि कॅलेब ब्रॅडहॅम यांनी १८९३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील न्यू बर्न येथे जे पेय विकायला सुरुवात केली, त्याला १८९८ मध्ये पेप्सी-कोला हे नाव मिळाले. भारतात तर १९९० मध्ये पेप्सीच आधी परतली, 'लेहर पेप्सी' या नावाने, पंजाब ॲग्रो आणि टाटांच्या व्होल्टासबरोबर. माझ्या पिढीला पहिला परदेशी कोला मिळाला तो हाच. १९९६ च्या विश्वचषकाचे अधिकृत प्रायोजकत्व कोका-कोलाकडे होते, तरी त्या स्पर्धेची जाहिरात म्हणून आम्हांला आठवते ती पेप्सीची.

आता चवीकडे वळते. पेप्सीत पहिल्याच घोटाला लिंबूवर्गीय फळाच्या सालीसारखा उजळ आंबटपणा येतो आणि गोडी लगेच कळते. कोका-कोला त्या मानाने गोलसर आहे आणि त्यात व्हॅनिलाकडे झुकणारा एक सूर आहे. नुसते प्यायचे असेल, सोबत खायला काही नसेल आणि ग्लास लहान असेल, तर मी पेप्सी निवडते. अंकाईकरांचे रश्शाबाबतचे म्हणणे मला मान्य आहे. तिखट जेवणावर पेप्सी जड वाटते.

अन्नतंत्र

मी अन्नतंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करतो, परंतु या चारपैकी कोणत्याही कंपनीशी माझा संबंध नाही. गोदाकाठ यांचा मधला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर अधिक लिहितो.

फरक खरा आहे, पण तो कोणत्या थरात आहे हे पाहायला हवे. चारही पेयांचा सांगाडा एकच आहे : वायूयुक्त पाणी, साखर, कॅरॅमल रंग, फॉस्फोरिक आम्ल, कॅफिन आणि अत्यल्प प्रमाणात सुगंधी तेलांचे मिश्रण. अमेरिकेतील ३५५ मिलिलिटरच्या डब्यात कोका-कोलाची साखर ३९ ग्रॅम आणि पेप्सीची ४१ ग्रॅम आहे. कॅफिन अनुक्रमे ३४ आणि ३८ मिलिग्रॅम. शिवाय तिथल्या पेप्सीत फॉस्फोरिक आम्लाबरोबर सायट्रिक आम्लही असते. मुठाकाठ यांना जाणवलेला उजळ आंबटपणा आणि चटकन कळणारी गोडी या दोन्हींना या आकड्यांमध्ये आधार सापडतो. बाकीचा फरक सुगंधी तेलांचा, आणि ती सूत्रे कंपन्या उघड करत नाहीत.

तथापि, घरातल्या वादांमध्ये ज्याला 'चव' म्हटले जाते त्याचा मोठा भाग वायूचा असतो. १ लिटर पाण्यात, साध्या वातावरणीय दाबाखाली, ० अंशाला सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो. २० अंशांना ०.९ लिटरच्या आसपास आणि ३० अंशांना तर ०.७ लिटरहूनही कमी. बाटलीत तो दाबाने याच्या कितीतरी पट भरलेला असतो, त्यामुळे झाकण उघडताच बाहेर पडू लागतो, आणि पेय जितके कोमट तितका वेगाने. त्यातच थंड असताना गोडी कमी जाणवते आणि कोमट झाल्यावर वाढते. म्हणजे एकाच बाटलीतील पेय एखाद्याने फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायले आणि दुसऱ्याने पंगत उठेपर्यंत ताटाशेजारी ठेवून प्यायले, तर पहिला त्याला कडक म्हणेल आणि दुसरा पाणचट म्हणेल, आणि दोघेही आपापल्या ग्लासापुरते खरेच बोलत असतील.

बाटलीचाही यात वाटा आहे. काच आणि ॲल्युमिनियममधून वायू निसटत नाही. प्लास्टिकमधून तो फार हळू, पण सतत निसटत राहतो. लहान बाटलीत पेयाच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्याने तिथे हा ऱ्हास अधिक वेगाने होतो. त्यामुळे काचेच्या बाटलीतला थम्स अप आणि उन्हात महिनाभर राहिलेल्या लहान प्लास्टिकच्या बाटलीतला कोका-कोला यांची तुलना ही त्या दोन पेयांची तुलना होत नाही.

वायूची ही तीक्ष्णता केवळ बुडबुड्यांच्या स्पर्शाची नसते. जिभेवरील आंबटपणा ओळखणाऱ्या पेशींजवळ एक विकर (एन्झाइम) असते, ते कार्बन डायऑक्साइडचे आम्लात रूपांतर करते आणि ते आम्ल आपल्याला जाणवते. आपल्यापैकी जे हिमालयात चढाईला जातात आणि उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स घेतात, त्यांना सोडायुक्त पेये बेचव लागल्याचा अनुभव आला असेल. ते औषध याच जातीच्या विकरांना रोखते. बुडबुडे दिसतात, पण झिणझिण्या येत नाहीत.

आता नाव झाकून चव घेण्याविषयी. पेप्सीने १९७५ मध्ये अमेरिकेत अशा जाहीर चाचण्या सुरू केल्या आणि त्यांत पेप्सीला अधिक पसंती मिळत गेली. त्या दबावाखाली कोका-कोलाने आपले पेय अधिक गोड केले, सुमारे २ लाख ग्राहकांकडून त्याची चव तपासून घेतली आणि २३ एप्रिल १९८५ रोजी ते बाजारात आणले. लोक इतके नाराज झाले की ११ जुलैला कंपनीला जुने पेय परत आणत असल्याचे जाहीर करावे लागले. यात जुन्या नावावरील प्रेमाचा भाग मोठा होता, हे उघड आहे. पण मला त्यात चाचणीच्या पद्धतीचा दोषही दिसतो. एका घोटात अधिक गोड पेय बहुधा उजवे ठरते. पूर्ण ग्लास प्यायल्यावर तीच गोडी जड होते. मुठाकाठ यांनी 'ग्लास लहान असेल तर' अशी जी अट घातली आहे, ती फार अचूक आहे.

नावाचा प्रभावही मोजला गेला आहे. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील रीड माँटेग्यू आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेत हा प्रयोग केला. नाव न सांगता दिलेल्या कोका-कोला आणि पेप्सीमध्ये लोकांची पसंती जवळजवळ समसमान विभागली गेली आणि ती त्यांनी आधी सांगितलेल्या आवडीशी जुळली नाही. कोका-कोलाचे नाव दाखवल्यावर मात्र पसंती त्याच्याकडे झुकली आणि स्मृतीशी संबंधित भागही सक्रिय झाले. आठवणींमुळे आवड खोटी ठरत नाही, असे माझे मत आहे. फक्त आपण जिभेविषयी बोलतो आहोत की आठवणींविषयी, हे वाद घालताना वेगळे ठेवायला हवे.

म्हणून माझी सूचना अशी की चाचणी दोन भागांत घ्यावी : आधी फरक ओळखता येतो का ते पाहावे आणि नंतरच आवड विचारावी. पहिल्या भागात प्रत्येकाला तीन पेले द्यावेत, त्यांपैकी दोन एकाच पेयाचे आणि एक दुसऱ्याचा, आणि वेगळा पेला ओळखायला सांगावे. केवळ अंदाजाने तीनांपैकी एक जण बरोबर येईलच. १२ जण बसले आणि त्यांपैकी ८ किंवा अधिक जणांनी बरोबर ओळखले, तरच फरक जाणवतो असे म्हणता येईल. दुसऱ्या भागात मात्र घोटावर थांबू नये. पूर्ण ग्लास द्यावा, आणि आपण एरवी ज्या जेवणानंतर कोला घेता त्याच जेवणानंतर द्यावा. माझी स्वतःची निवड विचाराल, तर जेवणानंतर काचेच्या बाटलीतला थम्स अप. नुसते पिताना कोका-कोला.

कोपऱ्यावरचे दुकान

माझे कराडजवळ किराणा आणि कोल्ड्रिंकचे दुकान आहे. वरची चर्चा वाचून आनंद झाला. काउंटरमागून जे दिसते ते सांगतो.

ग्राहकाच्या आवडीला दुकानातील फ्रिज वळण देतो. काचेच्या दाराचा तो उभा व्हिजी कूलर बहुधा कंपनीकडून मिळतो आणि त्यात त्याच कंपनीचा माल लावावा अशी अपेक्षा असते. उन्हातून आलेला माणूस आधी 'थंड काय आहे?' असे विचारतो आणि मग नावाकडे वळतो. त्यामुळे एखाद्या गावात अमुक पेय जास्त खपते याचा अर्थ तिथल्या लोकांना तेच जास्त आवडते असा सरसकट काढू नये.

थम्स अपचे ग्राहक मात्र वेगळे असतात. त्यांना पेय थंड नसेल तर ते थांबतात, आतल्या खणात हात घालून मागची बाटली मागतात, पण बदली पेय घेत नाहीत. काचेची बाटली घेणाऱ्यांची तर एक पद्धतच आहे. उघडण्यापूर्वी ते बाटली उजेडाकडे धरून मानेपर्यंत भरली आहे का ते पाहतात, झाकण उडाल्यावर तोंडाशी धूर दिसला की समाधानाने मान हलवतात आणि पहिला घोट डोळे बारीक करून घेतात. काचेची बाटली आता आमच्याकडे कमी येते. २४ बाटल्यांचे क्रेट, रिकाम्यांचा हिशेब आणि फुटतूट हे सारे सांभाळणे छोट्या दुकानदाराला जड जाते. तरी मी ती ठेवतो, कारण पेय त्याच बाटलीत चांगले लागते हे मला पटलेले आहे.

कॅम्पाविषयी येथे कोणी लिहिलेले नाही. रिलायन्सने २०२२ मध्ये हे नाव विकत घेतले आणि २०२३ मध्ये २०० मिलिलिटरची बाटली १० रुपयांत आणली. शाळेतून येणारी मुले ती घेतात, आणि पन्नाशी ओलांडलेले काही ग्राहक जुन्या आठवणीने घेतात. मुंबईकरांना वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमुळेही हे नाव ठाऊक आहे. माझ्या जिभेला आजचा कॅम्पा कोका-कोला आणि पेप्सीच्या मधला वाटतो, थोडा गोडीकडे झुकलेला. सध्या या पेयांवर ४० टक्के कर आहे, तेव्हा १० रुपयांत काय बसवता येते याचा विचार करता तो वाईट नाही. भाचेमंडळींची निवड हलकी समजू नये, एवढेच माझे सांगणे.

निरामय

आवड ठरवताना प्रमाणाचाही विचार व्हावा म्हणून दोन शब्द. साखरयुक्त कोलाच्या ३०० मिलिलिटरमध्ये साधारणतः ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिवसभरातील अशी साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास ठेवण्याचे सुचवले आहे. या बाबतीत चारही पेयांत निवड करण्यासारखा फरक नाही. २००३ मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने कीटकनाशकांच्या अंशांचा प्रश्न मांडला, आणि शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने २००४ मध्ये ते निष्कर्ष योग्य ठरवले, तेव्हाही तो दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या पेयांना सारखाच लागू होता.

घरात कोणाला मधुमेह असेल तर चाचणीत बिनसाखरेचे प्रकार वेगळे ठेवावेत. त्यांची गोडी उशिरा येते आणि जिभेवर रेंगाळते, त्यामुळे साखरेच्या पेयाशेजारी ते लगेच ओळखू येतात. आणि लहान मुलांना कॅफिनचे पेय रात्री देऊ नये, ही विनंती.

न्यूजर्सीकर

येथे अमेरिकेत कोका-कोला आणि पेप्सी १९८० च्या दशकापासून मुख्यतः मक्याच्या साखरपाकाने गोड केले जातात. मेक्सिकोतून येणारा काचेच्या बाटलीतला कोका-कोला उसाच्या साखरेचा म्हणून लोक मुद्दाम शोधतात. मला त्याची गोडी अधिक स्वच्छ वाटते, परंतु अन्नतंत्र यांचे लिखाण वाचल्यावर त्यातील किती भाग साखरेचा आणि किती काचेचा, याचा नव्याने विचार करतो आहे. थम्स अप भारतीय किराणा दुकानांत मिळतो. माझ्या मुलांची वाढ कोका-कोलावर झाली असूनही मिसळीबरोबर ती आपणहून थम्स अप घेतात, त्यामुळे अंकाईकरांच्या रश्शाच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

गोदाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतकी नेमकी उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती. अंकाईकर, मी नाशिकचीच आहे आणि हडबीची शेंडी अनेकदा पाहिली आहे.

चारही पेये एकाच मापाच्या बाटल्यांत, एकाच दिवशी, अलीकडच्या तारखेची पाहून घेईन आणि आदल्या रात्रीपासून एकाच फ्रिजमध्ये ठेवीन. आम्ही साधारण १२ जण असू. दोन शंका उरतात. फेस आणि रंग पाहून मेव्हणे थम्स अप ओळखतील असे वाटते, ते कसे टाळावे? आणि दुसऱ्या भागात चारही पेये चाखायची, तर जे आधी येईल त्याला झुकते माप मिळणार नाही का?

अन्नतंत्र

दोन्ही शंका रास्त आहेत. काचेचे ग्लास न वापरता स्टीलची फुलपात्रे वापरावीत, पेय दुसऱ्या खोलीत ओतावे आणि फेस बसेपर्यंत, म्हणजे मिनिटभर, थांबून मगच आणावे. त्याहून अधिक थांबलात तर वायू जाईल. ओतणाऱ्या व्यक्तीने स्वतः पेले वाटू नयेत, कारण चेहऱ्यावरून अंदाज येतो. दोन पेल्यांच्या मध्ये साधे पाणी आणि चिमूटभर बिनमिठाचे चुरमुरे द्यावेत.

चार पूर्ण ग्लास एकाच दिवशी देणे निरामय यांच्या दृष्टीनेही योग्य नाही आणि चौथ्या ग्लासापर्यंत जीभही थकते. सुट्टीतले चार दिवस घ्यावेत आणि रोज जेवणानंतर एकच पेय द्यावे. मुलांना अर्धाच ग्लास पुरे, आणि जेवण दुपारचे असल्याने त्यांच्या झोपेचाही प्रश्न येणार नाही.

क्रमासाठी पेयांना क, ख, ग, घ अशी अक्षरे द्यावीत आणि १२ जणांचे तीन-तीनांचे चार गट करावेत. पहिल्या गटाला क-ख-घ-ग, दुसऱ्याला ख-ग-क-घ, तिसऱ्याला ग-घ-ख-क आणि चौथ्याला घ-क-ग-ख या क्रमाने पेये मिळतील. यात प्रत्येक पेय प्रत्येक दिवशी कोणत्या ना कोणत्या गटाकडे असते आणि प्रत्येक पेय बाकीच्या तिघांच्या पाठोपाठ नेमके एकदा येते, त्यामुळे आधी येण्याचा फायदा कोणा एकाला मिळत नाही. गुण त्या त्या दिवशीच, ग्लास रिकामा झाल्यावर, एकमेकांशी न बोलता कागदावर लिहून घ्यावेत. अक्षरांची यादी आपल्याकडे न ठेवता ओतणाऱ्याकडेच ठेवावी आणि चौथ्या दिवसाचे कागद गोळा झाल्यावरच ती उघडावी.